घरचा प्रेक्षक

२००२ साली केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाने आनंद पटवर्धन यांच्या ‘जंग और अमन’ या माहितीपटाला २१ ठिकाणी कात्री लावायला सांगितलं. त्या यादीतल्या काही मागण्या अशा होत्या. नथुराम गोडसेने गांधीजींवर गोळ्या झाडल्याचा भाग काढा. एका दलित नेत्याचं भाषण दृश्यांसकट काढा, त्यासोबत बुद्धाचे सगळे उल्लेख काढा. पंतप्रधान, मंत्री आणि राजकीय नेते यांची भाषणं काढा. यातलं काहीही लपूनछपून घडलेलं नव्हतं. ३० जानेवारी १९४८ ची संध्याकाळ शाळेच्या पुस्तकात आहे. नेत्यांची ती भाषणं माइकसमोर, गर्दीपुढे झाली होती. मग कापायचं होतं ते कोणाच्या डोळ्यांआड जावं म्हणून?

देशाचं न आवडणारं चित्र दाखवणारा सिनेमा आला की सरकार म्हणतं, जगात आपली बदनामी होईल. बोट परदेशी प्रेक्षकाकडे दाखवलेलं असतं. पण गेल्या शंभर वर्षांतली अशी प्रकरणं एकापुढे एक ठेवून पाहिली तर बाहेरच्या जगाने तो सिनेमा बहुतेक वेळा पाहिलेला असतो. पाहायचा राहतो तो घरचा माणूस, ज्याच्याबद्दल तो सिनेमा आहे.

म्हणून या लेखात मी हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यातलं साखरा हे गाव मुद्दाम सोबत ठेवणार आहे. बंदीच्या गोष्टी आपण मुंबई-दिल्लीच्या चष्म्यातून सांगतो. पण मुंबईत बंदी आली तरी मुंबईकराला आडवाट सापडते. कुठे फिल्म सोसायटी असते, कुठे महोत्सव, कुठे मित्राकडची कॅसेट. साखऱ्यासारख्या गावाला वाट एकच असायची, सरकारने उघडी ठेवलेली. ती बंद झाली की बंदी पूर्ण व्हायची, आणि असा काही सिनेमा निघाला होता हेही गावाला कळायचं नाही.

‘जंग और अमन’चा विषय अणुबॉम्ब. ११ आणि १३ मे १९९८ ला भारताने पोखरणला अणुचाचण्या केल्या. २८ आणि ३० मे रोजी पाकिस्तानने उत्तर दिलं. दोन्ही देशांत पेढे वाटले गेले, फटाके फुटले. त्या वेळी साखरा परभणी जिल्ह्यात होतं. हिंगोली जिल्हा व्हायला अजून वर्ष होतं. १ मे १९९९ ला नवा जिल्हा झाला आणि त्याच महिन्याच्या ११ तारखेला पोखरणहून अणुबॉम्बच्या विरोधात एक पदयात्रा निघाली, ती हिरोशिमा दिनी, ६ ऑगस्टला, सारनाथला पोचली. पटवर्धनांनी या काळात कॅमेरा घेऊन भारत, पाकिस्तान, जपान आणि अमेरिका पालथी घातली. पोखरणजवळच्या खेतोलाई गावातली माणसं त्यात आजारपणाबद्दल बोलतात. युरेनियमच्या खाणींजवळच्या जादूगोड्याचे आदिवासी बोलतात. पाकिस्तानातल्या शाळकरी मुली बॉम्बवर वाद घालतात. हिरोशिमातून वाचलेले वृद्ध आपली कहाणी सांगतात.

सुरुवात मात्र गांधीहत्येने होते. पटवर्धनांचा जन्म १९५० चा, घर स्वातंत्र्यलढ्यातलं. रावसाहेब आणि अच्युतराव पटवर्धन हे त्यांचे काका. अहिंसेवर उभा राहिलेला देश बॉम्बच्या आनंदापर्यंत कसा आला, हा त्या माणसाचा घरगुती प्रश्नही होता. हत्येचं दृश्य काढलं तर तो प्रश्न विचारायची जागाच उरत नाही.

बुद्धाचे उल्लेख काढायला सांगणं मला सगळ्यांत जास्त बोलकं वाटतं. ११ मे १९९८ ला बुद्धपौर्णिमा होती. देशभरातल्या विहारांत वंदना चालू असताना त्या दुपारी पोखरणला स्फोट झाले. १९७४ च्या पहिल्या स्फोटाचं सांकेतिक नावही हसऱ्या बुद्धाचं ठेवलं होतं. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर मराठवाड्याच्या गावागावांत विहार उभे राहिले, घराघरांत बुद्धाची तसबीर आली. त्या बुद्धाचं नाव संहाराच्या अस्त्राला चिकटावं, याचं दुःख मुंबईच्या चाळीत होतं तसं सेनगावच्या रस्त्यावरच्या बौद्ध वस्तीतही असणार. सिनेमात ते दुःख कोणीतरी मोठ्याने बोलून दाखवत होतं. टोकियोच्या किंवा बर्लिनच्या प्रेक्षकाला त्या भाषणातली जखम पुरती कळणारही नाही. ज्याला ती पहिल्या वाक्यात कळेल तो प्रेक्षक इथला होता, आणि कात्री नेमकी तिथेच ठेवली गेली.

या सिनेमातला अमेरिकेचा भागही या विषयाशी थेट जोडलेला आहे. हिरोशिमावर बॉम्ब टाकणारं ‘एनोला गे’ विमान वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात १९९५ साली मांडायचं होतं. अभ्यासकांनी प्रदर्शनात बॉम्बखाली सापडलेल्या माणसांचीही बाजू ठेवायचं ठरवलं. माजी सैनिकांच्या संघटना आणि अमेरिकी संसदेतले सदस्य खवळले, प्रदर्शन गुंडाळलं गेलं, संचालक मार्टिन हार्विट यांना पद सोडावं लागलं. पुढे विमान मांडलं ते त्या माणसांच्या कहाणीविना. स्वतःला मोकळा म्हणवणारा देशही आपल्याच नागरिकांपुढे आपलं चित्र मांडताना किती घाबरतो, याचा हा धडधडीत दाखला पटवर्धनांनी भारतीय प्रेक्षकांसाठी आणला होता.

फेब्रुवारी २००२ मध्ये मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, म्हणजे केंद्र सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनने भरवलेल्या महोत्सवात, या माहितीपटाला पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी त्याच सरकारच्या मंडळाने २१ काटछाटी सांगितल्या. परदेशातल्या महोत्सवांत सिनेमा दाखवला जात होताच. अडला तो फक्त भारतात, आणि त्यातही साध्या थिएटरच्या, टीव्हीच्या प्रेक्षकासाठी. पटवर्धन लढले आणि २००३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एकही कात्री न लावता प्रमाणपत्र द्यायला लावलं.

कायद्याची बाजू इथे थोडी उलगडायला हवी. राज्यघटनेच्या १९ व्या कलमात अभिव्यक्तिस्वातंत्र्य आहे आणि त्यावर कोणत्या कारणांनी बंधनं घालता येतात तेही तिथेच लिहिलेलं आहे: देशाची सार्वभौमता आणि एकात्मता, राज्याची सुरक्षा, परदेशांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता आणि नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, एखाद्याची अब्रुनुकसानी, गुन्ह्याला चिथावणी. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानेही याच धर्तीची कारणं घेतली. या यादीत ‘देशाची प्रतिमा’ कुठेही नाही. ‘सरकारवर टीका’ही नाही. भाषणांत, पत्रकांत आणि टीव्हीच्या चर्चेत जे कारण सर्वांत मोठ्या आवाजात सांगितलं जातं ते कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही. म्हणून न्यायालयात पोचलेला दिग्दर्शक बरेचदा जिंकतो, आणि म्हणूनच त्याला तिथवर पोचू न देण्याच्या नाना तऱ्हा निघतात.

हे सगळं स्वतंत्र भारतातच सुरू झालं असं नाही. कात्री आपल्याला इंग्रजांकडून मिळाली. १९१८ च्या कायद्यानंतर १९२० मध्ये मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि रंगून इथे सेन्सॉर मंडळं आली. दुसऱ्याच वर्षी कोहिनूर फिल्म कंपनीच्या ‘भक्त विदुर’वर मद्रास आणि सिंधमध्ये बंदी आली, कारण पडद्यावरचा विदुर टोपी-खादीत गांधीजींसारखा दिसत होता. कोल्हापूरच्या प्रभात कंपनीने १९३० मध्ये शिवाजी महाराजांवर मूकपट काढला. महाराजांच्या भूमिकेत स्वतः व्ही. शांताराम होते. नाव होतं ‘स्वराज्याचे तोरण’. तो मिठाच्या सत्याग्रहाचा काळ. सेन्सॉरने नावावरच हरकत घेतली आणि सिनेमा ‘उदयकाल’ म्हणून बाहेर आला. ध्वज उभारण्याच्या दृश्यालाही कात्री लागली. १९३५ मध्ये प्रभातने संत एकनाथांवर बालगंधर्वांना घेऊन ‘महात्मा’ काढला, त्याचाही ‘धर्मात्मा’ करावा लागला. लंडनमध्ये कोल्हापूरचा मूकपट कोण पाहणार होतं? साहेबाला धास्ती होती ती कोल्हापूर, पुणे, मुंबईच्या पिटातल्या प्रेक्षकाची.

त्याच १९३० च्या डिसेंबरात जर्मनीत काय घडलं ते यासोबत ठेवून पाहावं. एरिक मारिया रेमार्क या जर्मन लेखकाच्या कादंबरीवर हॉलिवूडने ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ हा सिनेमा काढला होता. पहिल्या महायुद्धात कोवळी जर्मन पोरं कशी मेली, त्याची ती कथा. बर्लिनच्या थिएटरात गोबेल्सच्या नेतृत्वाखाली नाझींनी दंगा केला, दुर्गंधीच्या कुप्या फोडल्या, पांढरे उंदीर सोडले. आठवड्याभरात, ११ डिसेंबरला, सिनेमावर बंदी आली. कारण सांगितलं गेलं की त्यामुळे जर्मनीची प्रतिष्ठा धोक्यात येते. अमेरिकेत तो सिनेमा धो धो चालत होता, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर घेऊन बसला होता. जगापुढच्या प्रतिष्ठेचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. युद्ध कसं असतं हे पडद्यावर पाहायचं राहिलं ते जर्मन तरुणांचं.

आता १९७० कडे येऊ. फ्रेंच दिग्दर्शक लुई माल १९६८ मध्ये काही महिने भारतात राहिले. सोबत कॅमेऱ्यावर एतिएन बेकर आणि ध्वनिमुद्रणाला जाँ-क्लोद लोरो, एवढीच माणसं. त्यातून ‘कलकत्ता’ हा स्वतंत्र चित्रपट आणि सात भागांची ‘फँटम इंडिया’ ही मालिका झाली. शेवटचा, सातवा भाग मुंबईवर होता. बीबीसीने ती मालिका ब्रिटनमध्ये दाखवली. गरिबी, जात, मेलेल्या जनावरावर तुटून पडलेली गिधाडं हे सगळं पाहून तिथले भारतीय दुखावले, दिल्लीत इंदिरा गांधींचं सरकार संतापलं. मालिका थांबवा, असं बीबीसीला सांगितलं गेलं. बीबीसीने नकार दिला आणि ऑगस्ट १९७० मध्ये बीबीसीचं दिल्लीतलं कार्यालय बंद झालं, वार्ताहराला देश सोडावा लागला. पुन्हा परतायला त्यांना दोनेक वर्षं लागली.

माल यांच्याबद्दलची तक्रार पूर्ण निराधार होती असं मी म्हणणार नाही. काही महिन्यांत भारत कसा कळणार? ही शंका खुद्द माल यांनाच होती. पहिल्या भागाचं नावच त्यांनी ‘अशक्य कॅमेरा’ असं ठेवलं. पण अशा तक्रारीला उत्तर द्यायची एक चांगली रीत आहे आणि ती एका मराठी बाईने दाखवली. विजया मुळे या केंद्र सरकारच्या नोकरीत असलेल्या, फिल्म सोसायटी चळवळीत मुरलेल्या आणि स्वतः माहितीपट करणाऱ्या. ‘एक अनेक और एकता’ हा दूरदर्शनवरचा मुलांचा लघुपट त्यांचा. लुई माल त्यांचे मित्र. परदेशी सिनेमाने भारत कसा दाखवला, राजेमहाराजे आणि योग्यांपासून गांधींपर्यंत, या विषयावर त्यांनी उतारवयात एक अख्खा ग्रंथ लिहिला. २०१० मध्ये तो प्रसिद्ध झाला तेव्हा त्या नव्वदीच्या उंबरठ्यावर होत्या. बाहेरच्या नजरेत खोट आहे असं वाटत असेल तर ती पाहून, तपासून, नावानिशी दाखवून द्यायची, हा त्यांचा मार्ग. त्यासाठी सिनेमा आधी पाहता यायला हवा. भारतातल्या सामान्य प्रेक्षकाला ‘फँटम इंडिया’बद्दल बोलायची वेळ आली तेव्हा त्याच्यापुढे फक्त सरकारचा राग होता. मालिका नव्हती.

चीनमध्ये हेच आणखी टोकाला गेलं. १९७२ मध्ये चीन सरकारने इटलीच्या मिकेलांजेलो अँटोनिओनी यांना स्वतः बोलावून माहितीपट करायला दिला. ‘चुंग कुओ’ तयार झाला आणि ३० जानेवारी १९७४ ला ‘पीपल्स डेली’ने त्याच्यावर तुफान हल्ला चढवला. पाठोपाठ देशभर निषेधाच्या सभा सुरू झाल्या. कारखान्यांत, शाळांत, कम्यूनमध्ये माणसं उभी राहून त्या सिनेमाचा धिक्कार करत होती. त्यातल्या जवळपास कोणीही तो पाहिलेला नव्हता. बीजिंगमध्ये तो जाहीरपणे दाखवला गेला २००४ मध्ये.

भारतात बीबीसीच्या कार्यालयाला टाळं लागलं त्याच्या पुढच्याच महिन्यात, २४ सप्टेंबर १९७० ला, सर्वोच्च न्यायालयाने ख्वाजा अहमद अब्बास यांच्या खटल्याचा निकाल दिला. अब्बास मुंबईचे, ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकातलं त्यांचं शेवटचं पान वाचलेली पिढी अजून आहे. त्यांनी ‘चार शहर एक कहानी’ हा सोळा मिनिटांचा माहितीपट केला होता. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रासची श्रीमंती आणि तिच्या शेजारची गरिबी. मुंबईच्या वेश्यावस्तीची काही दृश्यं होती, त्यावरून प्रमाणपत्र अडलं. सुनावणी चालू असताना सरकारने माघार घेतली, प्रमाणपत्र देतो म्हणाले. अब्बासांनी ते हाती घेऊन घरी न जाता प्रश्नच मोठा केला: सिनेमाला प्रदर्शनाआधी तपासणीच का असावी? सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांच्या पीठाने तपासणी वैध ठरवली. सिनेमा माणसाच्या भावनांना इतर माध्यमांपेक्षा जास्त हलवतो, असं त्यांचं कारण. पण त्याच खटल्यातून एक गोष्ट पदरात पडली. सेन्सॉरच्या निर्णयावर दाद मागायला सरकारऐवजी स्वतंत्र न्यायाधिकरण असावं, हे मान्य झालं. ते प्रत्यक्षात यायला १९८३ उजाडलं.

मधल्या काळात आणीबाणी आली. अमृत नहाटा यांच्या ‘किस्सा कुर्सी का’ या राजकीय विडंबनपटाला ५१ आक्षेपांची नोटीस गेली, आणि मग मुंबईतून त्याच्या प्रिंट आणि निगेटिव्ह जप्त होऊन गुडगावच्या मारुती कारखान्यात जाळल्या गेल्या. १९७९ मध्ये खालच्या न्यायालयाने संजय गांधी आणि आणीबाणीतले माहिती व नभोवाणी मंत्री विद्याचरण शुक्ल यांना शिक्षा दिली, १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या दोघांना निर्दोष ठरवलं. हिंदी बोलणाऱ्या प्रेक्षकासाठी काढलेल्या त्या सिनेमाबाबत परदेशातल्या प्रतिमेचं कारण पुढे करायलाही जागा नव्हती.

आता साखऱ्याकडे. सिनेमा तिथवर कसा पोचत होता? मराठवाड्याच्या जत्रांमध्ये तंबू टॉकीज लागायच्या. औंढ्याची महाशिवरात्र असो की हिंगोलीचा दसरा, माणसं बैलगाडीने, पुढे एसटीने जायची. कनात, मध्ये बांबूला ताणलेला पडदा, मागे डिझेलच्या जनरेटरची धडधड. आणि मुख्य चित्रपटाआधी सरकारी रीळ. हे रीळ दाखवणं थिएटरच्या परवान्याची अटच होती. युद्धकाळात १९४३ मध्ये इंग्रजांनी ही सक्ती आणली, आणि १९४८ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजन स्थापन झाल्यावर स्वतंत्र भारताने ती पुढे चालवली. वर त्या रिळांचं भाडंही थिएटरवाल्यानेच भरायचं. रिळांत असायचं काय? धरणं, पोलाद कारखाने, परदेशी पाहुणे, पूर, क्रिकेट.

त्या रिळांची मी थट्टा करणार नाही. सुखदेव आणि एस. एन. एस. शास्त्री यांच्यासारख्यांनी फिल्म्स डिव्हिजनच्या छताखाली अस्सल, अस्वस्थ करणारं कामही केलं. पण एक गोष्ट खरी: देशाचं एक चित्र सक्तीने प्रत्येक तंबूपर्यंत पोचवायची यंत्रणा सरकारने उभी केली होती. दुसरं चित्र काढणाऱ्याला त्या वाटेवर पाऊल ठेवायला सरकारचीच परवानगी लागायची. विहिरीवर एकच रहाट असावा आणि दोर एकाच्याच हातात असावा, तशी ही व्यवस्था होती.

ऐंशीच्या दशकात दूरदर्शन आलं. ग्रामपंचायतीतल्या नाहीतर गावातल्या एखाद्या घरच्या संचापुढे सगळी आळी जमायची. केबल येईपर्यंत दूरदर्शन हीच गावाची एकमेव खिडकी. म्हणून दूरदर्शनविरुद्धचे खटले मला साखऱ्याचे खटले वाटतात. विजयाबाईंची मुलगी सुहासिनी मुळे, जिला ‘भुवन शोम’मुळे सगळे ओळखतात, तिने तपन बोस यांच्यासोबत भोपाळच्या वायुकांडावर ‘बियाँड जेनोसाइड’ हा माहितीपट केला. त्याला राष्ट्रीय पुरस्कारात सुवर्णकमळ मिळालं. दूरदर्शनने तो दाखवायला नकार दिला. कारणं एकामागून एक: विषय जुना झाला, समतोल नाही, भरपाईचे दावे न्यायालयात आहेत, वातावरण तापेल, राज्य सरकारवर टीका आहे. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही सगळी कारणं बाजूला सारली आणि स्पष्ट सांगितलं की केवळ सरकारवर टीका आहे म्हणून प्रसारण नाकारता येणार नाही. पटवर्धनांना ‘पिता, पुत्र और धर्मयुद्ध’साठी असाच निकाल मिळाला २००६ मध्ये. सिनेमा १९९५ चा. निकाल लागेपर्यंत गावागावांत केबल पोचली होती, दूरदर्शनसमोरची गर्दी पांगली होती. जिंकूनही घरचा प्रेक्षक हरवतो तो असा, वेळेच्या हिशेबात.

‘जंग और अमन’च्या निकालानंतर सरकारने दुसरी वाट धरली. २००४ च्या मुंबई महोत्सवासाठी भारतीय माहितीपटांना सेन्सॉर प्रमाणपत्र सक्तीचं केलं. परदेशी माहितीपटांना ते लागणार नव्हतं. दिग्दर्शक एकवटले. सक्ती मागे घेतली गेली तरी बरेचसे टोकदार माहितीपट निवडीतच गळले. तेव्हा त्यांनी मुंबईत महोत्सवाच्या दिवसांतच प्रभादेवीच्या भूपेश गुप्ता भवनात ‘विकल्प’ हा समांतर महोत्सव भरवला. गुजरातच्या २००२ च्या हिंसाचारावरचा राकेश शर्मा यांचा ‘फायनल सोल्युशन’ गळालेल्यांत होता. बर्लिनमध्ये त्याचा गौरव झाला, इथे सेन्सॉरने बंदी घातली. ती ऑक्टोबर २००४ मध्ये उठली. पण तोवर शर्मांनी स्वतःच लोकांना सांगून टाकलं होतं, सीडी घ्या, प्रती काढा, वाटा. तालुक्याच्या गावातही सीडी चालवणारी दुकानं झाली होती. सरकारी वाटेवर न जाता साखऱ्यापर्यंत पोचू शकेल असा मार्ग सिनेमाला पहिल्यांदाच सापडला.

पुढे फोन आला आणि तो मार्ग रुंद झाला. पटवर्धनांचे काही माहितीपट आज कोणीही यूट्यूबवर पाहू शकतो. दाभोलकर, पानसरे, कलबुर्गी आणि गौरी लंकेश यांच्या हत्यांचा माग घेणारा त्यांचा ‘विवेक’ २०१८ मध्ये अॅमस्टरडॅमच्या महोत्सवात सर्वोत्कृष्ट ठरला. २०१९ मध्ये केरळच्या महोत्सवात दाखवायला केंद्राने परवानगी नाकारली, तर तिथल्या उच्च न्यायालयाने ती दिली. पण वाट रुंद झाली तशी बंदीचीही जागा सरकली. एप्रिल २०२१ मध्ये सरकारने ते अपील न्यायाधिकरण, अब्बासांच्या खटल्यातून उगवलेलं, रद्द केलं. आता सेन्सॉरशी भांडायचं तर थेट उच्च न्यायालय. मुंबईत कार्यालय आणि वकील असलेल्या निर्मात्याला ते जमतं. मराठवाड्यातल्या एखाद्या पोराने कर्ज काढून आपल्या गावावर माहितीपट केला तर त्याला कसं जमावं?

आणि जानेवारी २०२३ मध्ये बीबीसी पुन्हा आली. ‘इंडिया: द मोदी क्वेश्चन’ ही दोन भागांची मालिका ब्रिटनमध्ये दाखवली गेली, तिचा पहिला भाग गुजरातच्या हिंसाचारावरचा. परराष्ट्र मंत्रालयाने तिला वसाहतवादी मानसिकतेचा प्रचार म्हटलं. तसं म्हणायचा सरकारला पूर्ण हक्क आहे. आपली बाजू मांडणं हे सरकारचं कामच आहे. पण काही दिवसांतच माहिती तंत्रज्ञानाच्या २०२१ च्या नियमांमधले तातडीचे अधिकार वापरून यूट्यूब आणि ट्विटरवरचे दुवे भारतात बंद करायला लावले. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या विद्यार्थ्यांनी मालिका लॅपटॉपवर पाहिली. फेब्रुवारीत बीबीसीच्या दिल्ली आणि मुंबई कार्यालयांत प्राप्तिकर खात्याची पाहणी झाली. ब्रिटनमधला प्रेक्षक या सगळ्या काळात मालिका पाहतच होता.

२००२ आणि २०२३ मध्ये एक मोठा फरक आहे, आणि तो वाईटाकडचा आहे. २००२ मध्ये २१ काटछाटींची यादी कागदावर होती. दिग्दर्शकाच्या हातात होती, वर्तमानपत्रांत आली, न्यायाधीशांपुढे गेली. म्हणून तर आपण आज बुद्धाच्या उल्लेखांबद्दल बोलू शकतो. २०२३ चा आदेश कंपन्यांकडे गेला, प्रेक्षकाकडे आला नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारला त्या आदेशाची मूळ कागदपत्रं सादर करायला सांगितलं. साखऱ्यातल्या मुलाने फोनवर दुवा उघडला तर हा व्हिडिओ आपल्या देशात उपलब्ध नाही, एवढंच त्याला दिसतं. कोणी काढला, कोणत्या कलमाखाली, कोणत्या दृश्यासाठी, दाद कुठे मागायची, यातलं काहीच नाही. ती चार उत्तरं प्रत्येक बंद दुव्याच्या जागी मराठीत आणि प्रत्येक भारतीय भाषेत छापून यायला हवीत. तशी सक्ती करणारा नियम करणं हे दोन ओळींचं काम आहे.